जुना ब्लाउज मापाला घेऊनही पाठ का बसली नाही

परभणीच्या ताई,

माझ्या सासूबाईंना शिवलेला खणाचा ब्लाउज पाठीत बसला नाही, त्याचा फोटो मी इथं टाकला होता; त्यावर तुम्ही सविस्तर लिहिलंत. थोडक्यात म्हणणं असं: जुना ब्लाउज मापाला घेतला असता तर ही वेळच आली नसती, बिघडलेल्या कपड्याचे फोटो दाखवून नवशिक्यांना काही शिकवता येत नाही आणि चांगला खण हकनाक वाया गेला. शिवाय म्हाताऱ्या माणसाच्या पाठीचा फोटो टाकला म्हणून कानउघाडणी. तुम्ही स्वतः शिवणक्लास चालवता, म्हणून नुसतं 'धन्यवाद ताई' लिहून सुटका करून घेत नाही.

फोटोचं आधी. तो सासूबाईंनीच काढायला लावला. मागून काहीतरी वर चढतंय असं त्यांना जाणवत होतं, पण आपली पाठ आपल्याला कुठं दिसते! फोटो बघून म्हणाल्या, "टाक की, त्यात काय लाजायचंय."

आता जुना ब्लाउज. माप त्याच्यावरूनच घेतलं होतं, आणि सगळी मेख तिथंच आहे. तो शिवला तेव्हा त्या रोज खुरपायला जायच्या, पाठ ताठ होती. आता पाठीला बाक आलाय, खांदे पुढं झुकलेत. छाती मात्र तेव्हाही 36 आणि आताही 36. टेबलावर पसरलेल्या ब्लाउजात हा बाक दिसणार कसा? कटिंगच्या नेहमीच्या सूत्रातही तो दिसत नाही. छत्तीसचा चौथा भाग नऊ, त्यात ढिलाई आणि मार्जिन मिळवा, झालं. बाईची पाठ रुंद आणि पुढचा भाग बेताचा असो, की पाठ अरुंद आणि पुढं भरलेलं असो, नऊचे नऊच. तुमच्या क्लासातही अशा दोघीजणी शेजारी शेजारी बसत असतील.

हे सगळं कळलं ते अंगावर न बसलेल्या ब्लाउजमुळंच. मागचा काठ कमरेपासून वर उचललेला, पुढचा खाली लोंबलेला. मागच्या गळ्याला फट. पाठीच्या फुगवट्यापासून काखेकडं तिरप्या चुण्या. आडव्या ताणलेल्या चुण्या दिसल्या की रुंदी कमी पडतेय, उभ्या सैल चुण्या दिसल्या की रुंदी जास्त झालीय, हे बहुतेकींना माहीत असतं. तिरप्या चुणीकडं मात्र कुणी बघत नाही. ती जिथून निघते तिथं कापड अपुरं पडतंय, इतकं सरळ आहे. इथं ती पाठीच्या फुगवट्यापासून निघत होती.

आपल्याकडची सवय काय? काखेत ओढतंय म्हटलं की मुंढा, म्हणजे बाही जोडायचा गोलावा, खोल कापायचा. तुम्हीही तेच सुचवलंत, आणि इथं मी तुमच्याशी साफ असहमत आहे. मुंढा जितका खोल, तितकी बाही खालून धरलेली; हात वर केला की अख्खा ब्लाउज सोबत वर येतो. फडताळावरचा डबा काढताना पोट उघडं पडतं ते यामुळंच. काखेजवळ बसणारा मुंढा घालताना घट्ट भासतो, पण हात त्यातच मोकळा फिरतो.

केलं ते एवढंच. पाठीच्या कागदी कटिंगला फुगवट्याच्या उंचीवर मधोमधपासून मुंढ्यापर्यंत आडवी चीर दिली. मधोमध पाऊण इंच उघडली, मुंढ्याशी शून्य. त्यामुळं पाठीची मधली रेघ तिरकी होते. ती सरळ केली की मागचा गळा तेवढा रुंद होतो, ती वाढ गळ्याशी छोटा टक (शिवून टाकलेली निमुळती घडी) घेऊन मोडली. पुढच्या भागात छातीच्या वर अर्धा इंच आडवी घडी घालून लांबी कमी केली आणि खांद्याची शिवण जरा पुढं सरकवली. मग काठ आपोआप सरळ झाला. आधी काठच कातरून सरळ केला असता तर मागची फट तशीच राहिली असती.

खणाचं म्हणाल तर पुढचे भाग आणि बाह्या त्याच वापरल्या, पाठ तेवढी उरलेल्या तुकड्यातून नव्यानं कापली. खणाचा पन्हा कमी, तरी जेमतेम निघाली. बाजूच्या शिवणीत माया (आत दुमडलेलं जास्तीचं कापड) ठेवली होती, पण पाठीची लांबी मायेतून निघत नाही. मांजरपाटावर, म्हणजे स्वस्त सुती कापडावर, आधी शिवून बघा हा तुमचा सल्ला सोळा आणे खरा. तिथंही याच चुण्या पडल्या असत्या, फक्त स्वस्तात. म्हणूनच तर नवशिक्यांना बिघडलेला कपडा दाखवायचा. नीट बसलेल्या ब्लाउजवर काय वाचणार त्या?

एक विनंती. क्लासात येणाऱ्या वयस्कर बायकांची दोन मापं जास्तीची घेऊन बघा: मागून मानेच्या बाहेर आलेल्या हाडापासून कमरेपर्यंत, टेप पाठीला टेकवून, आणि पुढून खांद्याच्या गळ्याकडच्या टोकापासून छातीवरून कमरेपर्यंत. मग हीच मापं तुमच्या नेहमीच्या कटिंगवर मोजा, शिलाईचं मार्जिन सोडून. किती फरक निघतो ते इथंच कळवा, पुढच्या लेखात त्यावरच लिहिते.