शीला गेली म्हणून ग्रुप संपला?

थ्री डिग्रीज या तीन अमेरिकन गायिकांच्या ग्रुपवरचा लेख छान, पण त्यातलं '1986 मध्ये मुख्य गायिका शीला फर्ग्युसन बाहेर पडली आणि थ्री डिग्रीज संपल्यातच जमा' हे वाक्य खटकलं. अहो, व्हॅलरी हॉलिडे 1967 पासून गात होती! हेलन स्कॉट तर फिलाडेल्फियात 1963 साली उभ्या राहिलेल्या या ग्रुपमध्ये अगदी सुरुवातीच्या काळातच आलेली. मधे सोडून गेली आणि 1976 मध्ये फेयेट पिंकनीच्या जागी परत आली. शीला गेल्यावरही या दोघींनी तिसरी गायिका घेऊन पुढे कित्येक वर्षं कार्यक्रम केले. तिसरी खुर्ची बदलत राहिली, बैठक मोडली नाही.

मी दहा-बारा वर्षं ऑर्केस्ट्रात कोरसला उभी राहिले आहे, म्हणून जरा जास्तच लागलं असेल. मधला सूर धरणारी बाई कुणाला दिसत नाही, पण ती हलली की मुख्य गायिका उघडी पडते. थ्री डिग्रीजचं 'व्हेन विल आय सी यू अगेन' एकदा हेडफोन लावून ऐका. सुरुवातीचे ते 'हू... हा' नुसते श्वासासारखे आहेत, आणि पुढे शीला प्रश्नामागून प्रश्न विचारते तेव्हा मागच्या दोघी, व्हॅलरी आणि फेयेट, आवाज अजिबात चढवत नाहीत. 1974 मध्ये ब्रिटनमध्ये पहिल्या नंबरवर गेलेलं हे गाणं शीलाला आधी फारच बाळबोध वाटलं होतं म्हणे! आणि हो, लेखात 'टीएसओपी' ('द साउंड ऑफ फिलाडेल्फिया') या गाण्याचा उल्लेखच नाही. त्यात वादन एमएफएसबी या फिलाडेल्फियातल्या स्टुडिओ वाद्यवृंदाचं, पण शेवटी येणारे आवाज थ्री डिग्रीजचेच.