समुपदेशकाने स्वतःसाठी मदत घेतली तर बिघडलं कुठे?

‘लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडा पाषाण’ असं म्हणत सुरू होणारा एक मेसेज सध्या व्हॉट्सॲपवर फिरतोय. त्यातले दावे असे: जो समुपदेशक स्वतःच दुसऱ्याकडे मन मोकळं करायला जातो तो भोंदू, खऱ्या तज्ज्ञाला ताण येत नाही, त्याचा रुग्ण आत्महत्या करत नाही, आणि नुसतं ऐकून घ्यायचे पैसे कसले?

आमच्या घरच्या ग्रुपवर काकांनी तो टाकला. माझी धाकटी बहीण समुपदेशक आहे, तीही त्या ग्रुपवर आहे. ती काही बोलली नाही, पण सुपरव्हायझरबरोबरची, म्हणजे जिच्याशी ती आपल्या कामाबद्दल आणि त्याच्या ताणाबद्दल बोलते त्या अनुभवी समुपदेशकाबरोबरची, त्या आठवड्याची वेळ तिने रद्द केली. म्हणून हे लिहितेय.

पैशांचं आधी उरकते. कधी गप्प बसायचं, ‘मरावंसं वाटतं का’ हे कधी थेट विचारायचं, मनोविकारतज्ज्ञाकडे कधी पाठवायचं, हे शिकण्यात वर्षं जातात. ताणाबद्दल तर बोलायलाच नको. दिवसभर लोकांची दुःखं ऐकून ज्याला काहीच होत नाही, त्याच्याकडे मी तरी जाणार नाही.

भोंदूपणाचं म्हणाल तर मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड, त्यानेच १९३७ साली लिहून ठेवलंय की मनोविश्लेषकाने दर पाचेक वर्षांनी स्वतः पुन्हा दुसऱ्याकडे विश्लेषणाला बसावं आणि त्यात लाज वाटून घेऊ नये. शिवाय आपल्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिलाय. माझी बहीण घरी येऊन ‘आज काय ऐकलं’ ते आईलाही सांगू शकत नाही. नाव-गाव न सांगता ते बोलायची एकच जागा तिला आहे, ती म्हणजे सुपरव्हायझर, आणि मेसेज तीच बंद करायला सांगतोय.

सगळ्यात वाईट दावा आत्महत्येचा. अमेरिकेत मनोविकारतज्ज्ञांची देशभर पाहणी झाली, ती १९८८ साली प्रसिद्ध झाली. त्यातल्या ५१ टक्के डॉक्टरांनी आपला किमान एक रुग्ण आत्महत्येत गमावला होता. म्हणजे निम्मे भोंदू? हृदयरोगतज्ज्ञाचा रुग्ण दगावला तर असं कोणी म्हणत नाही. बहिणीकडे येणारा एक मुलगा असाच गेला. नंतर किती तरी रात्री ती त्याच्या भेटींच्या नोंदी काढून बसायची, एकेका वाक्याखाली पेन्सिलीने रेघ मारायची: इथे विचारायला हवं होतं का? त्याच प्रसंगातून एखादी सहकारी गेली असती, तर तिला हिने जवळ बसवून घेतलं असतं, जेवलीस का विचारलं असतं. स्वतःला मात्र आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं. समुपदेशकांनो, समोरच्याला जेवढी माया देता तेवढी स्वतःलाही द्या. ती तुमच्या कामाचाच भाग आहे.

एक गोष्ट नाइलाजाने मान्य करते. चार दिवसांचा कोर्स करून पाटी लावणारे आहेत. स्वतःचं मन थाऱ्यावर नसताना काम रेटणारेही आहेत, आणि त्यांनी थांबायलाच हवं. पण थांबायची वेळ आली हे सांगायला बाहेरचं कोणीतरी लागतं. म्हणून पहिल्या भेटीत बेधडक विचारा, ‘तुमचं सुपरव्हिजन कोण करतं?’ ‘मला गरज नाही’ असं उत्तर आलं, तर दुसरा समुपदेशक शोधा.