माहितीपट पाहून रडू आलं? मग ती वेळ लिहून ठेवा

माहितीपटावरचे विद्यार्थ्यांचे प्रतिसाद वाचायला घेतले की दोन साचे हमखास हाती लागतात. पहिल्यात सुरुवातीच्या दृश्यापासून शेवटच्या पाटीपर्यंत सगळी हकीकत सांगून झाल्यावर ‘हा माहितीपट मनाला भिडला, सर्वांनी जरूर पाहावा’ असं लिहिलेलं असतं. दुसऱ्यात ‘दिग्दर्शकाने क्लोज-अप, पार्श्वसंगीत व मुलाखती यांचा प्रभावी वापर केला आहे’ हे वाक्य असतं, आणि ते जगातल्या कुठल्याही माहितीपटाखाली खपून जाईल. दोन्ही वाचून एक गोष्ट कळत नाही: हे पाहताना त्या मुलाला किंवा मुलीला नेमकं काय झालं, आणि कितव्या मिनिटाला?

यात मुलांचा दोष फार थोडा आहे. आपण त्यांना ‘वैयक्तिक प्रतिसाद लिहा’ म्हणतो आणि कुणी ‘मला रडू आलं’ लिहिलं की समासात ‘विश्लेषण कुठे आहे?’ असा शेरा मारतो. मग पोरं रडू लपवायला शिकतात. माझं म्हणणं याच्या अगदी उलट आहे. रडू, चीड, घशात अडकलेला आवंढा, अगदी जांभईसुद्धा, हा विद्यार्थ्याच्या हातातला पहिला पुरावा आहे. माहितीपट आपली बाजू वाक्यांइतकीच प्रकाशातून, अंतरातून, आवाजातून, शांततेतून आणि दृश्यांच्या क्रमातून मांडत असतो. त्यातलं बरंचसं डोक्याला उमगायच्या आधी अंगाला जाणवतं. जिथे जाणवलं ती जागा पक्की धरायची आणि तिथून मागे जायचं.

पहिल्यांदा पाहताना टिपणं काढायची नाहीत. लिहिणारा मान खाली घालतो आणि नेमका शॉट हुकतो. हातात कागद असावा, पण त्यावर फक्त वेळ आणि एक शब्द: २३:४० राग. ४१:१५ शंका. ५२:०० कंटाळा. ९० मिनिटांच्या चित्रपटात अशा दहा-बारा नोंदी पुरेत. चित्रपट संपल्यावर लगेच चर्चाही नको. पाच मिनिटं सगळ्यांनी गप्प बसून लिहायचं. वर्गात जो पहिला बोलतो त्याचं मत बघता बघता वर्गाचं मत होतं आणि मागच्या बाकावरची शंका मागच्या बाकावरच विरते.

मग एकच नोंद निवडायची आणि तिच्या आसपासची तीन मिनिटं घ्यायची: दोन आधीची, एक नंतरची. आधीची जास्त, कारण भावना वर येते तोवर तिची तयारी होऊन गेलेली असते. ही तीन मिनिटं तीनदा पाहायची. एकदा आवाज बंद करून. एकदा स्क्रीन झाकून, फक्त ऐकत. तिसऱ्यांदा दोन्ही चालू ठेवून, प्रत्येक कटला, म्हणजे एक शॉट तुटून दुसरा सुरू होतो तिथे, कागदावर एक टिंब देत. ३५ टिंबं पडली तर शॉट झाले ३६, म्हणजे सरासरी ५ सेकंदांचा एक. पण सरासरीपेक्षा मोलाचा असतो तो अपवाद. सगळे शॉट चार-पाच सेकंदांचे असताना एकच १८ सेकंदांचा निघाला, तर संकलकाने तिथे मुद्दाम हात आवरलेला असतो. का, ते शोधायचं.

समजा, नदीच्या प्रदूषणावरचा माहितीपट आहे. काठावर राहणाऱ्या एका बाईची मुलाखत होते आणि लगेच कारखान्याच्या प्रवक्त्याची. विद्यार्थ्याची नोंद आहे ‘राग’, प्रवक्त्यावरचा. आवाज बंद करून पाहिलं की दिसतं: बाईचा चेहरा पडदाभर आहे, इतका जवळ की कपाळाचा वरचा भाग चौकटीबाहेर गेलाय. उजेड एका बाजूने, खिडकीतून येतोय. मागचं सगळं धूसर. प्रवक्ता मात्र लांबून टिपलाय, मोठ्या टेबलामागे, डोक्यावरच्या ट्यूबलाइटच्या निळसर उजेडात, डोळ्यांखाली सावल्या. स्क्रीन झाकून ऐकलं की कळतं, बाई बोलताना मागे चेलो या तंतुवाद्याचा एक लांब सूर आहे; प्रवक्त्याच्या वेळी संगीत नाहीच, नुसती एसीची घरघर. तिसऱ्या फेरीत ध्यानात येतं की त्याचं वाक्य संपल्यावरही कॅमेरा आणखी चार सेकंद त्याच्यावर थांबलाय. तो पापण्या मिटतो, ओठ ओले करतो, बाजूला बघतो. त्या चार सेकंदांत तो खोटारडा ठरतो. तो खोटं बोलतही असेल. पण बोलणं संपलंय असं वाटून सैल झालेला कुठलाही माणूस असाच बघतो.

एवढं सापडल्यावर विद्यार्थ्याने राग मागे घ्यायचा का? मुळीच नाही. रागाचे दोन भाग सुटे करायचे: पाण्याच्या चाचणीचा अहवाल पाहून आलेला किती आणि त्या चार सेकंदांनी आणलेला किती. प्रतिसादाचा गाभा हा असायला हवा. बाकीचा सगळा मजकूर त्याच्याभोवती.

मुलाखतींत आणखी एक जागा कान देऊन ऐकावी. माणूस बोलत असतो आणि मधेच चित्र त्याच्या हातांवर, भिंतीवरच्या फोटोवर किंवा खिडकीबाहेर जातं, आवाज मात्र चालू राहतो. बऱ्याचदा तिथे बोलणं कापून जोडलेलं असतं आणि सांधा दिसू नये म्हणून वर दुसरं चित्र टाकलेलं असतं. हेडफोन लावले तर खूण मिळते: श्वास अर्धवट तुटतो, आवाजाची पट्टी एकदम बदलते किंवा खोलीतली गुणगुण किंचित वेगळी होते. मात्र खूण सापडली म्हणजे लबाडी सापडली असं नव्हे. दहा मिनिटांचं उत्तर ४० सेकंदांत बसवताना खोकला, अडखळणं, पाल्हाळ काढावंच लागतं. विद्यार्थ्याने एवढंच लिहावं की इथे सांधा आहे, त्याच्या अलीकडचं आणि पलीकडचं वाक्य एका दमात बोललं गेलं असेल याची खात्री देता येत नाही. इतकं नेमकं लिहिता आलं तरी पुष्कळ.

निवेदनाची ताकद समजवायला मला एका उदाहरणाइतकं दुसरं काही उपयोगी वाटत नाही. क्रिस मार्कर या फ्रेंच दिग्दर्शकाने १९५७ च्या ‘लेटर फ्रॉम सायबेरिया’मध्ये याकुत्स्क शहरातली तीच चित्रफीत तीन वेळा दाखवली आहे: रस्त्यावरची बस, एक मोटार, रस्त्याचं काम करणारे मजूर, कॅमेऱ्याकडे बघत जाणारा एक माणूस. पहिलं निवेदन सोव्हिएत राजवटीचे गोडवे गाणारं, दुसरं तिची निंदा करणारं, तिसरं तटस्थ. चित्रातला एक कणही बदलत नाही, पण मजूर आधी आनंदी दिसतात, मग पिळले गेलेले. पुढे मार्कर हेही सुचवतो की तटस्थ निवेदनालाही न्याय्य म्हणता येत नाही. वर्गात याचा सराव फुकटात होतो. कुठल्याही माहितीपटाचा ३० सेकंदांचा मूक तुकडा घ्या, तीन गटांना तीन वेगवेगळी निवेदनं लिहायला सांगा, प्रत्येकी ६० ते ७० शब्द, त्याहून जास्त शब्द ३० सेकंदांत बसत नाहीत. वाचून झाल्यावर ‘निवेदन प्रभावी आहे’ हे वाक्य त्या वर्गात पुन्हा कुणी लिहीत नाही.

आता ‘हे दृश्य रचलेलं आहे’ या शोधाबद्दल. हा शोध लागला की मुलं एकदम न्यायाधीश होतात: रचलं म्हणजे फसवलं. मला हा निकाल फार उथळ वाटतो. १९२२ च्या ‘नानूक ऑफ द नॉर्थ’मध्ये इग्लूच्या आतली दृश्यं टिपण्यासाठी नेहमीपेक्षा मोठा इग्लू बांधून त्याची एक बाजू उघडी ठेवली होती, कारण खऱ्या इग्लूत कॅमेऱ्याला पुरेल इतका उजेडच नव्हता. १९५८ चा ‘व्हाइट वाइल्डरनेस’ घ्या, ऑस्कर मिळालेला. त्यात लेमिंग नावाचे उंदरासारखे प्राणी झुंडीने कड्यावरून पाण्यात उड्या घेताना दिसतात. प्रत्यक्षात ते प्राणी दुसरीकडून आणले होते, फिरत्या तबकडीवर धावायला लावून झुंडीचा भास निर्माण केला होता आणि शेवटी त्यांना पाण्यात ढकललं होतं. आणि १९८८ च्या ‘द थिन ब्लू लाइन’मध्ये एका पोलिसाच्या खुनाचा प्रसंग पुन्हा पुन्हा अभिनित करून दाखवलाय, दर वेळी साक्षी बदलल्या की दृश्य बदलतं. साक्षी एकमेकींशी जुळत नाहीत हे त्यामुळे डोळ्यांना दिसतं. या खुनासाठी तुरुंगात असलेला माणूस १९८९ मध्ये सुटला.

तिन्ही ठिकाणी रचना आहे. इग्लूच्या बाबतीत सोय, लेमिंगांच्या बाबतीत उघड खोटेपणा आणि तिसऱ्यात तर रचलेलं दृश्यच खोटेपणा उघडा पाडतं. म्हणून विद्यार्थ्याला विचारायचं ते हे: या रचनेमुळे जगाबद्दलचं कुठलं विधान माझ्या डोक्यात शिरलं? आणि रचना माहीत झाल्यावर ते विधान उभं राहतं का? उघड्या बाजूचा इग्लू कळला तरी इग्लू खोटा ठरत नाही. लेमिंगांची सामूहिक आत्महत्या मात्र पूर्ण कोसळते. (वन्यजीवपटांतले पावलांचे, चावण्याचे आवाज बहुधा नंतर स्टुडिओत बनवलेले असतात, शेकडो फुटांवरून लांब लेन्सने टिपताना ते आवाज मिळणार कुठून? याचंही मोजमाप याच प्रश्नाने करावं.)

आकड्यांकडे मुलं फार श्रद्धेने बघतात. हवामानबदलावरच्या ‘ॲन इन्कन्व्हिनियंट ट्रूथ’मध्ये (२००६) अमेरिकेचे माजी उपाध्यक्ष ॲल गोर कार्बन डायऑक्साइडचा आलेख दाखवताना यांत्रिक पाळण्यात उभे राहून वर चढतात, कारण पुढच्या काळातल्या अंदाजाची रेघ हाताच्या टप्प्याबाहेर जाते. आकडा लक्षात राहत नाही, माणूस वर जाताना लक्षात राहतो. इथे हे दृश्य प्रभावी आहे इतकंच लिहून थांबू नये. खालचा अक्ष कुठून सुरू होतो, रेघेचा कुठला भाग मोजलेला आहे आणि कुठला अंदाजाचा, हे चित्र थांबवून पाहावं. याच चित्रपटाबद्दल २००७ मध्ये इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने दिलेला निकाल वर्गासाठी फार चांगला नमुना आहे. चित्रपटाचा मुख्य विज्ञानविषयक दावा ढोबळमानाने बरोबर ठरला, शाळांत दाखवायला हरकत नव्हती, पण नऊ मुद्द्यांवर न्यायाधीशांनी बोट ठेवलं. त्यातला एक समुद्राची पातळी २० फुटांपर्यंत वाढण्याचा: चित्रपटात ते नजीकच्या काळातलं वाटतं, तर इतकी वाढ व्हायला हजारो वर्षं लागतील असं निकालात म्हटलं. ‘मूळ म्हणणं मला पटलं, या नऊ ठिकाणी नाही’ असं विद्यार्थ्यालाही लिहिता यायला हवं. सगळं पटलं किंवा सगळं खोटं, या दोनच पेट्या आपण त्याला दिल्यात.

‘माहितीपट एकांगी आहे’ हे वाक्य मला सर्वांत जास्त खटकतं. एकांगी असणं हा गुन्हा नाही. बाजू घेणं हा माहितीपटाचा हक्क आहे. तक्रार करायची तर मोजून करावी. कोण किती वेळ बोललं? कुणाच्या नावाखाली हुद्द्याची पाटी आली आणि कुणाच्या खाली नुसतं पहिलं नाव? विरोधी बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा मांडला की सर्वांत कच्चा? ज्यांच्याबद्दल चित्रपट आहे ते स्वतः बोलतात का, की त्यांच्याबद्दल दुसरेच बोलतात? मोबाइलवरचं स्टॉपवॉच यासाठी पुरेसं आहे.

विश्वासार्हता, भावना आणि तर्क ही ॲरिस्टॉटलने सांगितलेली पटवून देण्याच्या साधनांची त्रयी सगळीकडे शिकवतात. शिकवावी. पण मुलं तिची लेबलं करून दृश्यांवर चिकटवतात: रडणारं मूल म्हणजे भावना, पांढऱ्या कोटातला डॉक्टर म्हणजे विश्वासार्हता, आलेख म्हणजे तर्क. खरी गंमत असते ती त्यांच्या सांध्यावर. रडणाऱ्या मुलानंतर लगेच आलेख आला तर तो आलेख आपण कोरड्या डोळ्यांनी वाचत नाही. क्रम उलटा केला असता तर काय झालं असतं, हा एक प्रश्न विचारला की लेबलं आपोआप गळतात.

लिहिताना ८०० शब्दांची मर्यादा असेल तर कथानकाला ६० शब्दांपेक्षा जास्त देऊ नयेत. ४०० शब्द त्या तीन मिनिटांना. उरलेल्यांतले निदान दीडशे अशा जागेला, जिथे चित्रपट पटवू पाहत होता आणि आपल्याला पटलं नाही. तो ५२:०० चा कंटाळा इथे कामी येतो. ‘प्रेक्षक हेलावून जातात’ ऐवजी ‘मी’. ‘दिग्दर्शकाला असं सुचवायचं आहे’ ऐवजी ‘मला असं वाटलं, कारण’, आणि ‘कारण’नंतर दिसलेली किंवा ऐकू आलेली गोष्ट. दुसऱ्यांदा पाहून मत बदललं तर पहिलं खोडू नये. दोन्ही ठेवावीत, मधे काय कळलं ते लिहावं. परीक्षकांनीही त्याला गोंधळ न समजता गुण द्यावेत.

आणि शेवटची श्रेयनामावली सुरू झाली की दिवे लावू नका. पैसे कुणी दिले, जुनी चित्रफीत कुठल्या संग्रहातली, कोणती दृश्यं अभिनित आहेत, हे बहुतेक वेळा तिथेच असतं, सर्वांत बारीक अक्षरांत आणि दोन-तीन सेकंदांसाठी. चित्र थांबवून ते मोठ्याने वाचून घ्या, आणि मग ती पाच मिनिटं गप्प बसून लिहायला द्या.