बोट गमवायचंच असेल तर

नोकरी लागल्याबद्दल अभिनंदन. भोसरीतला गाळा, पत्रा कापणाऱ्या पॉवर प्रेसवर हेल्पर, बारा तास ड्युटी, महिना १५ हजार. अर्धे बँकेत, अर्धे पाकिटात. आता पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट ठरवून टाका, बोट कोणतं द्यायचं. ऐन वेळी गडबड होते आणि माणूस करंगळी देऊन बसतो.

करंगळीला भाव नाही. पूर्ण भरपाईच्या ७ टक्के. अनामिकाही तेवढ्याचीच. मधलं बोट १२, तर्जनी १४, अंगठा ३०. हे दर मी लावलेले नाहीत, १९२३च्या नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात छापलेत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत गेला, बोटांचे भाव मात्र तेच राहिले. काम बारकाईनं केलेलं आहे हं. तर्जनीचं नुसतं टोक उडालं आणि हाड शाबूत राहिलं तर ५, एक पेर गेलं तर ९, दोन गेली तर ११.

हिशेब सोपा आहे. वय २५, पगार १५ हजार. त्याचे ६० टक्के म्हणजे ९ हजार, गुणिले कायद्यातला त्या वयाचा आकडा २१६.९१, पूर्ण भरपाई झाली १९ लाख ५२ हजार १९०. त्याचे १४ टक्के काढा. २ लाख ७३ हजार, एका तर्जनीचे! उशीर मात्र करू नका, चाळिशीत तोच आकडा १८४.१७वर येतो. जे द्यायचं ते तरुणपणी द्यावं. आणि तीन दिवसांत बरं होण्याचा आगाऊपणा करू नका. अपंगत्व तीन दिवसांपेक्षा जास्त टिकलं नाही तर मालक काहीच देणं लागत नाही.

हे पैसे देणार कोण, हा प्रश्न नवशिके विचारतात. मालक देणार. मालकानं विमा काढला असेल तर विमा कंपनी, ईएसआय म्हणजे सरकारी कामगार विमा भरत असेल तर ईएसआय. ईएसआय दहा माणसांपासून लागू होतं, म्हणून हजेरीपटावर नऊ असतात. एका गाळ्यासमोरच्या टपरीवर चहा पिताना मी आतली माणसं मोजली होती. सतरा भरली. वरची आठ पाहुणे असावीत. पाहुण्यांचं ईएसआय भरत नाहीत. तुमच्या १५ हजारांवर मालकाचा वाटा ३.२५ टक्के, म्हणजे महिन्याला ४८७ रुपये ५० पैसे. एवढी रक्कम दर महिन्याला वाचवणारा माणूस संसारी म्हणायचा.

विमाच नाही असं मात्र समजू नका. प्रेसचा विमा आहे, कारण तिच्यावर बँकेचं कर्ज आहे. आग, पूर, चोरी, सगळं धरलंय. तुमच्यावर कोणाचं कर्ज नाही, ही तुमची चूक.

आता प्रत्यक्ष कार्यक्रम. प्रेस डबल मारते. तुम्ही पायडल एकदाच दाबता, रॅम दोनदा खाली येतो. पहिल्यांदा पत्रा कापला जातो, दुसऱ्यांदा तो उचलायला गेलेला हात. हात आत असताना प्रेस थांबवणारा सेन्सर कुठे होता? ऑफिसच्या कपाटात, प्रॉडक्शन कमी होतं म्हणून गेल्या दिवाळीआधीच काढलेला. तो तुम्हीच मुद्दाम काढला होता हे तुम्हाला नंतर, मालकाच्या लेखी जबाबातून कळेल. सुरक्षेचं साधन जाणूनबुजून काढणाऱ्याला भरपाई नाकारता येते, हेही कायद्यातच आहे.

सुपरवायझर मोटारसायकलवर मागे बसवून दवाखान्यात नेईल. चांगला माणूस असतो, रुमालसुद्धा स्वतःचा देतो. वाटेत फक्त एवढंच सांगतो, ‘डॉक्टरला म्हण, घरी दारात सापडलं.’ म्हणून टाका. केसपेपरवर ती एक ओळ लिहिली जाते आणि पुढे कोर्टात तुमच्यापेक्षा तीच जास्त बोलते.

टाके सुकायच्या आत समजुतीचा कागद येईल. ‘२० हजार मिळाले, काही तक्रार नाही.’ ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात शंभराचा स्टॅम्पपेपर चालत नाही, त्यामुळे तुमच्या तर्जनीला पाचशेचा लागतो. तेवढा तरी मान वाढला. भरपाईचा हक्क सोडून देणारा असा करार कायद्यानं मुळातच रद्दबातल आहे. पण हे सांगून ऐन मांडवात विघ्न कशाला आणता? साहेबांनी पेढे आणलेत.

तरीही अंगात किडा असेल तर दावा लावा. मुदत दोन वर्षं आहे. पहिली दोन वर्षं ‘हा माणूस आमच्याकडे कामाला नव्हताच’ यावर जातील, कारण हजेरीपटावरच्या नऊ जणांत तुम्ही नसता. पाकिटातला अर्धा पगारही तिथे तोंड उघडणार नाही. कॅलिफोर्नियात म्हणे विमा न काढलेल्या मालकाच्या कामगाराला सरकारी निधीतून पैसे मिळतात आणि मग सरकार मालकाच्या मागे लागतं. नऊ माणसांच्या गाळ्यात मालकाच्या मागे तुम्ही लागायचं, नऊ बोटांनी.

आणि समजा जिंकलात. महिनाभरात पैसे दिले नाहीत म्हणून १२ टक्के व्याज, वर ५० टक्क्यांपर्यंत दंड. मालक देत नसेल तर जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली. म्हणजे कागद कलेक्टर कचेरीतून तहसीलदाराकडे, तिथून खाली. एक दिवस माणूस खरोखर गाळ्यावर येतो. पाटी बदललेली असते, फर्म आता वहिनींच्या नावावर. आत तीच प्रेस डबल मारत असते, इतकी की बोललेलं ऐकू येत नाही. पंचनामा होतो, ‘सदर नावाची कंपनी येथे आढळून आली नाही.’ समक्ष हजर म्हणून तुमचीही सही घेतात. सही जमत नसेल तर अंगठा चालतो. तो जपून ठेवलाय ना? ३० टक्क्यांचा आहे.