दोन हात कमी

मासेमारीला दोन हात लागतात. होडीलाही दोन हात लागतात. एकटा माणूस होडीतून मासे धरायला निघतो तेव्हा त्याच्याकडे एकूण दोनच हात असतात. ही साधी वजाबाकी मासेमारीच्या कुठल्याही व्हिडिओत कोणी करून दाखवत नाही, कारण व्हिडिओतला तिसरा आणि चौथा हात कॅमेऱ्याच्या मागे असतो. पुढचा माणूस "बघा, किती सोपं आहे" म्हणत मासा वर काढतो आणि मागे कोणीतरी मुकाट्याने होडी सांभाळत बसलेलं असतं.

होडी मित्राची होती. खरं तर दोघांनी जायचं ठरलं होतं, पण ऐनवेळी त्याच्या पाठीत उसण भरली. "तू जा रे एकटा," तो फोनवर कण्हत म्हणाला, "होडी एकदम गरीब आहे. फक्त बूच तेवढं बघ."

"कसलं बूच?"

तर होडीच्या तळाशी, मागच्या बाजूला, एक भोक असतं. फुटून पडलेलं नव्हे, मुद्दाम पाडलेलं. होडी काठावर ओढून घेतली की आत साचलेलं पाणी त्यातून निघून जावं म्हणून. पाण्यात उतरवताना त्याला आठवणीने बूच लावायचं. सोय चांगली आहे, पण ती नवख्या माणसाला सांगू नये. तरंगण्यासाठीच जन्माला आलेल्या वस्तूच्या बुडाला भोक आहे हे एकदा कळलं, की मन थाऱ्यावर राहत नाही. मी बूच लावलं, पिळलं, पुन्हा पिळलं, आणि मग दिवसभर त्याच्याकडे असा रोखून बघत राहिलो की ते संकोचाने गळून पडायचं तेवढं बाकी होतं.

होडीत चढणं हा स्वतंत्र विषय आहे. दोन डगरींवर पाय ठेवू नये असं म्हणतात, पण त्यातली एक डगर तरंगती असेल तर काय होतं ते म्हणीत दिलेलं नाही. आपण होडीत पाय टाकून अंगाचा भार पुढे नेला, की होडीही तितक्याच जोराने ढकलली जाते. न्यूटनचा तिसरा नियम. १६८७ पासून छापील स्वरूपात उपलब्ध आहे. शाळेत तो शिकवताना होडीचंच उदाहरण देतात आणि मला त्या प्रश्नाला पैकीच्या पैकी गुण होते. पण नियम तोंडपाठ आहे म्हणून दोन पायांमधलं अंतर वाढायचं थांबत नाही. ते वाढत गेलं. शेवटी पँटच्या शिलाईने निर्वाणीचा इशारा दिला आणि मी होडीच्या दिशेने पडायचा निर्णय घेतला. योग्य पद्धत अशी की होडी काठाला बांधलेली असावी, अंग वाकवून, कडा धरून, बरोबर मधोमध पाय टाकावा आणि लगेच खाली बसावं. यातलं लगेच खाली जाणं मला उत्तम जमलं.

मग वल्हवणं. वल्हवणारा माणूस जिकडे जायचं तिकडे पाठ करून बसतो. असं चालवायचं दुसरं वाहन मला तरी माहीत नाही. सरळ जायचं असेल तर मागे राहिलेल्या काठावरच्या दोन खुणा धरायच्या, एक जवळची आणि एक लांबची, आणि त्या एकमेकींच्या आड राहतील अशा बेताने वल्ही मारायची. मी एक झाड आणि त्याच्यामागचा विजेचा खांब धरला. खांब झाडामागून हळूच बाहेर आला, लांब गेला आणि बऱ्याच वेळाने दुसऱ्या बाजूने पुन्हा झाडामागे शिरला. माझा उजवा हात डाव्यापेक्षा बळकट आहे हे इतक्या वर्षांत घरात कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. होडीच्या चटकन लक्षात आलं आणि ती घाण्याला जुंपल्यासारखी गोल फिरायला लागली.

या फिरण्यातूनच आम्ही तलावाच्या बऱ्यापैकी मध्ये पोचलो. आता नांगर.

नांगर जड असतो म्हणून होडी थांबते, असं काठावरच्या लोकांना वाटतं. वजनाचा भाग थोडा. छोट्या होडीचा नांगर तळाच्या चिखलात आडवा रुतून धरतो, आणि तो आडवा ओढला जावा म्हणून दोर भरपूर सोडावा लागतो, पाण्याच्या खोलीच्या पाच ते सात पट. खोलीइतकाच दोर सोडला तर नांगर तळावर टुकूटुकू फिरायला निघतो आणि होडी त्याच्यावरून डुलत जाते. शिवाय तो बांधायचा नाळेलाच, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाला. मागची बाजू बुटकी आणि सपाट असते. तिथे बांधला की होडी लाटांकडे पाठ करून उभी राहते आणि पाणी आत येतं.

आता नाळ पुढे, मी मध्ये आणि नांगर माझ्या पायाशी. उभं राहायचं नाही, म्हणजे रांगायचं. रांगायला दोन्ही हात लागतात. म्हणून दोर दातात धरला आणि नांगर ढोपरांनी पुढे ढकलत निघालो. दोराला आधीच्या सगळ्या मोसमांचा चिखल होता. कुठल्या जातीचा मासा कुठल्या तळाशी राहतो हे जाणकार म्हणे नांगराला लागून आलेल्या चिखलावरून ओळखतात. मी चवीवरून ओळखू शकलो असतो.

नांगर एकदाचा लागला आणि मी गळ बांधायला घेतला. गळांच्या आकड्यांची एक गंमत आहे. दहा नंबरचा गळ चार नंबरच्या गळापेक्षा लहान. आकडा उतरत एकपर्यंत येतो तसा गळ वाढत जातो, आणि एकच्या पुढे आकड्यापुढे शून्य लावून उलटी मोजणी सुरू होते. तिथे आकडा वाढला की गळही वाढतो. ही पद्धत कोणी काढली ते मला विचारू नका. मी जो पहिला बोटाला टोचला तो घेतला.

तंगुसाचा दोरा उन्हात एका कोनातून दिसतो आणि दुसऱ्या कोनातून नाहीसा होतो. माशाला दिसू नये म्हणून तो तसा असतो, त्यामुळे तक्रारीला जागा नाही. दोऱ्याचं टोक गळाच्या डोळ्यातून काढायचं, मूळ दोऱ्याभोवती चार-पाच वेढे द्यायचे, ते टोक डोळ्याजवळच्या फटीतून परत घालायचं आणि आवळायचं. आवळण्याआधी गाठ थुंकीने ओली करायची. नायलॉनची गाठ कोरडी आवळली तर घर्षणाने तापते आणि नेमकी तिथेच कमजोर होते. सूचना रास्त आहे. फक्त गाठ आधी आणि गांडूळ नंतर, हा क्रम त्या सूचनेत ठळक अक्षरांत असायला हवा होता. मी चूळ भरली. आधी चिखलासाठी भरली होतीच.

गळ पाण्यात गेला, फ्लोट उभा राहिला आणि पहिल्यांदाच माझे दोन्ही हात रिकामे झाले. आता फक्त गप्प बसायचं. "बोलू नका, मासे पळतात" असं सगळे सांगतात. वास्तविक हवेतला आवाज पाण्याच्या पृष्ठभागावरून बहुतेक सगळा परत फिरतो. खाली फार थोडा शिरतो. होडीच्या तळावर काही आदळलं तर मात्र ते सरळ पोचतं. माशाच्या दोन्ही कुशींवर कल्ल्यापासून शेपटीपर्यंत एक रेघ असते, तिच्यामुळे त्याला पाण्यातली बारीकशी हालचालसुद्धा जाणवते. थोडक्यात, होडीत बसून मनसोक्त शिव्या द्यायला हरकत नाही, देताना पाय आपटायचा नाही. करून बघा. पाय न आपटता दिलेली शिवी शिवी राहत नाही, निवेदन होतं.

फ्लोट हलत नव्हता. तास गेला असेल. होडी नांगराभोवती वाऱ्याच्या मर्जीने इकडून तिकडे झुलत होती आणि माझा दोरा दर वेळी तिच्याखालून जाऊन दुसऱ्या बाजूने मला भेटत होता. तेवढ्यात निसर्गाने हाक दिली.

या विषयावर मासेमारीच्या पुस्तकांत फार शालीन मौन असतं. छोट्या होडीत उभं राहायचं नाही, कारण माणूस उभा राहिला की सगळा गुरुत्वमध्य वर चढतो. मग होडी आधी त्याच्याकडे कलते, आणि तो सावरायला गेला की दुसरीकडे. कडेला उभं राहणं तर त्याहून वाईट, आणि आपल्याला कडेलाच काम असतं. मी मित्राला फोन केला.

"डबा आहे ना?" तो म्हणाला.

डबा होता. होडीत आलेलं पाणी उपसायचा.

"गुडघ्यांवर बस, मधोमध," तो म्हणाला. मग जरा थांबून, "नंतर धुऊन ठेव हं नीट."

लाइफ जॅकेटचे पट्टे नको तिथून गेलेले असतात. ते सोडायला एक हात, डब्याला एक हात आणि होडीची कडा धरायला एक. त्यात माशांना पाण्यावरचं सगळं जग डोक्यावरच्या एका गोल खिडकीत दिसतं. पाण्यात शिरताना प्रकाश वाकतो, त्यामुळे ही खिडकी सुमारे ९७ अंशांची असते आणि क्षितिजापासून क्षितिजापर्यंतचं सगळं तिच्यात कोंबलेलं असतं. झाडं, डोंगर, आकाश. आणि गुडघ्यांवर बसलेला मी. इतका वेळ एकही मासा वर का आला नाही, याचं निराळं कारण मी शोधत नाही. मात्र तो प्रकार सुरू झाल्यानंतर येण्यासारखं तर काहीच उरलं नव्हतं.

वारा वाढला. लाटांच्या माथ्यांवर तुरळक पांढरा फेस दिसू लागला. ब्यूफोर्ट नावाच्या नौदल अधिकाऱ्याने १८०५ साली वाऱ्याचा जोर मोजायची पट्टी आखायला घेतली. आजच्या पट्टीत लाटांचे माथे फुटू लागले की ती तिसरी पायरी, ताशी १२ ते १९ किलोमीटर. तिला नाव काय, तर मंद झुळूक. असली नावं मोठ्या जहाजाच्या डेकवर उभं राहून सुचतात. माझी होडी त्या झुळुकीत नाकाने जमीन शोधत होती. मी नांगर ओढला, वल्ही हातात घेतली, आणि दोरा गुंडाळायला हात रिकामा नाही म्हटल्यावर काठी बाकाखाली अडकवून तशीच राहू दिली. गळ मागे पाण्यात फरफटत होता. आमिष असं होडीमागे ओढत नेणं ही मासे धरण्याची एक मान्य पद्धत आहे. मी ती वापरत होतो, असं मी आता सांगतो.

वल्हवताना तोंड मागे असतं ते एका परीने बरंच. काठीचं टोक लवताना मला समोर दिसलं. एकदा लवलं, सरळ झालं, मग पाण्यापर्यंत वाकलं आणि रीळ कर्कर करत सुटलं. रिळाला एक चकती असते, ती बेताची सैल ठेवली तर माशाच्या हिसक्याला दोरा न तुटता सुटत जातो. ती सैल होती. मी ठेवलेली नव्हती, होती. मी वल्ही सोडली आणि काठी धरली. उजवं वल्हं ज्या कड्यात बसवलेलं होतं त्या कड्यासकट उपटून निघालं. कडं लोखंडाचं, ते बुडालं. वल्हं लाकडाचं, ते वाऱ्याबरोबर निघालं. मासा वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला निघाला. मध्ये मी.

विचार करायला वेळ नव्हता हे सांगायला बरं वाटतं, पण होता. वल्ह्याकडे नीट बघून घेतलं आणि मी माशाच्या बाजूने राहिलो. काठीचं टोक वर, दोरा ताठ, मासा पळाला की पळू द्यायचं, थांबला की गुंडाळायचं. मला कोणी शिकवलं नव्हतं. माशाला सगळं येत होतं, मी त्याच्या कलाने घेतलं. होडी वाटेल तशी गरगरत होती. शेवटी डाव्या हातात काठी आणि उजव्या हातात जाळी, असा तो आत आला. चकचकीत, पाठीवर हिरवट काळा, कल्ले उघडत-मिटत. माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर कोरड्या हाताने निघून जातो, म्हणून हात ओले केले आणि गळ काढला. एवढं सगळं अगदी शास्त्रशुद्ध झालं.

मग फोटो. एका हातात मासा, एका हातात फोन, आणि फोन उघडायला अंगठा पाहिजे. फोनला माझा ओला अंगठा ओळखू येईना. तिसऱ्यांदा तो नाही म्हणाला, तेव्हा माशाने शेपटीचा एक फटका दिला आणि कडेवरून पलीकडे गेला.

एका वल्ह्याने होडी चालवता येते, पण त्याला कला लागते आणि ती कला यायला शांत पाणी लागतं. मी नुसताच बसलो. थोड्या वेळाने दुसरी एक होडी सरळ रेषेत माझ्याकडे येताना दिसली. काका वल्हवत होते, काकू काठी धरून बसल्या होत्या. चार हात.

"हे तुमचं का हो?" काकूंनी माझं वल्हं उचलून दाखवलं.

"हो."

"एकटेच आलात?"

"हो."

"बघ," काका म्हणाले, "मीसुद्धा केव्हापासून म्हणतोय, एकदा एकट्याने यावं."

"या की. वल्हं मी आणून देत जाईन."

वल्हं मिळालं, पण अडकवायला कडं नव्हतं. काकूंनी दोर फेकला. माझ्या नाळेवर आधीच नांगराच्या दोराचा मोठा गुंता बसला होता, म्हणून मी टोक हातातच धरलं आणि आमची वरात काठाकडे निघाली. काका माझ्याकडे तोंड करून वल्हवत होते आणि तरी सरळ जात होते. खांब आणि झाड तर त्यांच्या पाठीमागे होतं. खूण म्हणून त्यांनी मलाच धरलं असलं पाहिजे.

"काही लागलं का?" त्यांनी विचारलं.

"लागला होता. आत घेतलाही होता. निसटला."

काकांची वल्ही जरा मंदावली. "केवढा?"

मी दाखवलं.

"बापरे," काका माझ्या दोन हातांमधलं अंतर बघत म्हणाले, "चांगलाच होता की."

"अहो, थांबा," काकू म्हणाल्या. "सुटला."

"तेच सांगतायत ना ते."

"मासा नव्हे हो! दोर!"