घरच्या कॉम्प्युटरवर स्वतःचा एक कप्पा

आमच्या घरात कॉम्प्युटर एकच आणि वापरणारे पाच. माझी डायरी, पगाराचे कागद, तपासण्यांचे रिपोर्ट सगळं त्याच्यावरच. मी पासवर्डचा विषय काढला की आई म्हणायची, "घरच्या घरात कसली गं कुलपं?" प्रेमानेच म्हणायची, पण मला ते कधीच पटलं नाही. तिच्या कपाटातल्या आतल्या कप्प्याची किल्ली तिच्याकडेच असते, आणि त्यात आम्हाला कधी अविश्वास दिसला नाही. डायरीला तोच न्याय का नको?

माझा राग कुलपावर नाही, खोट्या कुलपावर आहे. इंटरनेटवर वर्षानुवर्षं फिरणारी एक छोटी बॅच फाइल (म्हणजे कॉम्प्युटरला द्यायच्या सूचनांची साधी यादी) तुमच्यापैकी अनेकांनी वापरली असेल. डबल क्लिक केलं की फोल्डर गायब, पुन्हा क्लिक केलं की काळ्या खिडकीत पासवर्ड विचारते. मी दोन वर्षं त्या भरवशावर डायरी लिहिली. एक दिवस धाकटा भाऊ म्हणाला, "ताई, हे बघ." त्याने त्या फाइलवर राइट क्लिक केलं, एडिट दाबलं, नोटपॅड उघडलं. मधल्या एका ओळीत माझा पासवर्ड जसाच्या तसा लिहिलेला होता. फोल्डरला कुलूप नव्हतंच. त्याचं नाव बदलून त्याला फक्त लपवलेलं होतं. भावाने डायरी वाचली नव्हती आणि माझा त्याच्यावर विश्वास आहे. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. उघड्यावर ठेवलेली वही निदान उघडी आहे हे माहीत असतं, म्हणून माणूस जपून लिहितो. मी दोन वर्षं जपून लिहिलं नव्हतं.

फोल्डर लॉक करून देणारी बरीच फुकट सॉफ्टवेअरं हेच करतात. पेन ड्राइव्हवरून दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम चालू केली की लपवलेलं सगळं समोर दिसू शकतं. आणि विंडोजमध्ये फोल्डरला थेट पासवर्ड लावायची सोयच नाही. फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये एन्क्रिप्शनचा, म्हणजे मजकूर किल्लीशिवाय वाचता येणार नाही असा बदलून ठेवण्याचा, एक पर्याय असतो, पण होम आवृत्तीत त्यावर टिक करता येत नाही. प्रो आवृत्तीत करता येते, पण तिथेही पासवर्ड विचारला जात नाही. ज्या अकाउंटने फाइल एन्क्रिप्ट केली, त्या अकाउंटला ती आपोआप उघडते. घरातले सगळे एकाच लॉगिनने बसत असतील तर त्याचा काय उपयोग?

म्हणून माझं ठाम म्हणणं आहे, फोल्डरच्या मागे लागण्याआधी प्रत्येकाला स्वतःचं अकाउंट द्या. साधं, म्हणजे स्टँडर्ड. अ‍ॅडमिनचं, म्हणजे सगळे अधिकार असलेलं, अकाउंट वेगळं ठेवा आणि रोजच्या कामाला ते वापरू नका. एकाच लॉगिनमध्ये ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड, अलीकडे उघडलेल्या फाइलींची यादी, फोटोंची छोटी चित्रं सगळ्यांना दिसतात. तिथे एक फोल्डर बंद करून काय साधणार? उठताना विंडोजचं बटण आणि एल दाबून स्क्रीन लॉक करायची सवयही लावून घ्या.

मात्र अ‍ॅडमिनला इतरांच्या फोल्डरमध्ये शिरता येतं. एक सूचना येते, त्यावर 'कंटिन्यू' दाबलं की झालं. आमच्याकडे अ‍ॅडमिन मी आहे आणि हे मी सगळ्यांना बसवून सांगितलं. ते न सांगणं मला अप्रामाणिक वाटलं असतं.

जे खरोखर कुणालाच दिसू नये, त्याला खरं एन्क्रिप्शन लागतं. थोड्या फाइली असतील तर सेव्हन-झिप हे फाइली एकत्र बांधून पासवर्ड लावणारं फुकट सॉफ्टवेअर पुरतं. त्यात ७झेड हा फाइलीचा प्रकार निवडून पासवर्ड दिला की एईएस-२५६ हे भक्कम एन्क्रिप्शन मिळतं, पण 'एन्क्रिप्ट फाइल नेम्स'वर टिक करायला विसरू नका, नाहीतर आतल्या फाइलींची नावं कुणालाही वाचता येतात. मूळ फोल्डर तसाच मागे राहतो, तो रिसायकल बिनमधूनही काढावा लागतो. रोज लिहायचं असेल तर व्हेराक्रिप्ट बरं. तेही फुकट मिळतं, आणि २०१४ मध्ये बंद पडलेल्या ट्रूक्रिप्ट या तशाच सॉफ्टवेअरवरून ते तयार झालं. एक मोठी फाइल बनते, पासवर्ड दिला की ती वेगळ्या ड्राइव्हसारखी उघडते. काम झालं की ती 'डिसमाउंट' (नव्या आवृत्तीत 'अनमाउंट') करा, म्हणजे परत बंद करा. तोपर्यंत ती समोर बसणाऱ्या प्रत्येकाला उघडीच असते. मॅकवर त्याच्यातच असलेल्या डिस्क युटिलिटीतून अशीच पासवर्डची फाइल, म्हणजे एन्क्रिप्टेड डिस्क इमेज, बनवता येते.

यात पासवर्ड विसरला तर गेलं ते गेलंच, परत मिळवायची वाट नाही. माझा पासवर्ड कागदावर लिहून, पाकिटात बंद करून ठेवला आहे. मला काही झालं तर ते पाकीट कुठे आहे हे भावाला माहीत आहे.

गेल्या रविवारी आईचं अकाउंट काढून दिलं. "मला कशाला?" म्हणत खुर्चीवर बसली. पासवर्ड टाकायची वेळ आली तेव्हा मला म्हणाली, "तू जरा तिकडे तोंड कर." मी खिडकीकडे तोंड करून उभी राहिले. बराच वेळ एकेका बोटाने टाइप करत होती.