त्या ‘परिपूर्ण’ बॅगेतलं निम्मं सामान घरीच ठेवा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या बायकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. मथळा ‘बाळंतपणाची परिपूर्ण बॅग’. सांगणं थोडक्यात असं: बॅग सातव्या महिन्यातच भरावी, सरकारी दवाखान्यात काही मिळत नाही, सगळं आधी विकत घ्यावं, दूध लगेच उतरत नाही, म्हणून पावडरच्या दुधाचा डबा आणि बाटली हवीच, बाळाला पावडर, तेल, शाम्पू, काजळ असा तयार सेट घ्यावा, पोट आत जायला पहिल्या दिवसापासून पट्टा बांधावा, आणि बाळंतिणीला पाच दिवस पाणी बेतानं द्यावं. शेवटी नेहमीचं, ‘लेकी-सुनांना नक्की पाठवा’. मला तो शेजारणीनं पाठवला, भाचीनं पाठवला, चंदगडच्या पाहुणीनंही पाठवला. बाळंतिणींच्या वॉर्डात नर्स म्हणून नोकरी केलेल्या बाईला हे वाचून गप्प बसवत नाही.

सातव्या महिन्याचं आधी घेऊ, कारण त्यात थोडं तथ्य आहे. बेळगाव शहरात शहापूर, टिळकवाडीत राहणारीनं आठवा महिना संपताना बॅग भरली तरी चालतं. खानापूरच्या जंगलपट्ट्यातल्या पोरीनं मात्र लवकरच भरावी. कणकुंबी, जांबोटीकडचा पाऊस काय असतो ते वेगळं सांगायला नको. आमगाव, गवाळी, कोंगळा अशा गावांतून पावसाळ्यात आजारी माणसाला खांद्यावर घालून रानवाटेनं आणावं लागल्याच्या बातम्या आपण वाचतोच. तिथल्या बाईला भरलेल्या बॅगेपेक्षा दुसरी गोष्ट जास्त उपयोगी पडते: शेवटचे दोन-तीन आठवडे खानापुरात किंवा बेळगावात मावशीकडे, आत्याकडे येऊन राहणं. मेसेजमध्ये ते नाही, कारण ते कुठल्या दुकानात मिळत नाही.

‘जन्माआधी बाळाचं काही आणू नये’ म्हणणाऱ्या आज्जी अजून घरोघरी आहेत. त्यांच्याशी वाद घालत बसू नका. नवीन आणूच नका. घरातली जुनी मऊ सुती साडी किंवा धोतर फाडून, गरम पाण्यात धुऊन, उन्हात वाळवून ठेवा. आज्जीही खूश आणि बाळाच्या कातडीलाही नव्या कापडाची खळ लागत नाही.

आता ‘सरकारी दवाखान्यात काही मिळत नाही’. हे वाक्य सर्रास बोललं जातं आणि त्यापायी माणसं कर्ज काढतात. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम 1 जून 2011 पासून देशभर आहे. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, मग ते नॉर्मल असो की सिझेरियन, मोफत. औषधं, तपासण्या, गरज पडली तर रक्त, सगळं त्यात येतं. नॉर्मल असेल तर 3 दिवस आणि सिझेरियन असेल तर 7 दिवस बाळंतिणीचं जेवणही. घरातून दवाखान्यात न्यायला 108 आहे, परत सोडायला ‘नगु-मगु’ गाडी आहे. आजारी नवजात बाळाचे उपचारसुद्धा मोफत आहेत. कुणी बाहेरून औषध आणायला चिठ्ठी दिली, तर ‘हे योजनेत बसत नाही का?’ एवढं तरी शांतपणे विचारावं.

दवाखान्यात काय मिळत नाही तेही सांगते. बाळाची फडकी, आईचे पुरेसे पॅड, अंगावर घ्यायला स्वच्छ चादर, एक तांब्या, एक मग, बरोबर बसणाऱ्या बाईला अंथरूण. 2007 साली सुरू झालेलं मडिलू किट, म्हणजे कर्नाटक सरकारकडून बाळंतिणीला मिळणारी सामानाची पिशवी, अजून पुष्कळ जणींच्या लक्षात आहे, पण त्याच्या भरवशावर रिकाम्या हातानं जाऊ नका.

दुधाच्या डब्याबद्दल मात्र मी जरा जास्त बोलणार आहे. सगळ्यांत जास्त नुकसान करणारी ओळ तीच आहे.

बाळंतपणानंतर पहिले दोन-तीन दिवस जो पिवळसर, घट्ट चीक येतो तो फारच थोडा असतो, आणि थोडाच असायला हवा. बाळाला एका वेळी चमचा-दोन चमचे पुरतात. रोगाशी लढायची ताकद त्या चिकातच असते. बाळ जन्मल्यापासून तासाभरात अंगावर घ्यावं. सिझेरियन झालं असेल आणि आई जागी असेल तर सिस्टरच्या मदतीनं तेही जमतं. बाळ जितकं चोखेल तितकं दूध उतरतं. इथेच डबा घात करतो. बाळ रडलं की सासूबाई म्हणतात, ‘दूध नाही वाटतं हिला’, डबा हाताशीच असतो, बाटली भरली जाते, बाळ पोट भरून झोपतं, आईला चोखलं जात नाही, आणि चौथ्या दिवशी खरोखरच दूध कमी पडतं. हे मी वॉर्डात इतक्यांदा पाहिलंय की कॉटखालच्या पिशवीत डबा दिसला की पुढचं कळायचं.

पुरतंय की नाही हे रडण्यावरून ठरवू नका. पाचव्या दिवसानंतर बाळानं दिवसभरात सहा किंवा जास्त वेळा लंगोट ओला केला तर दूध पुरतंय. पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन थोडं उतरतं आणि साधारण दोन आठवड्यांत भरून येतं. तेही घाबरण्यासारखं नाही. वजन कमी असलेलं बाळ, अपुऱ्या दिवसांचं बाळ, आई अतिदक्षता विभागात, अशा वेळी वरचं दूध लागू शकतं. पण ते डॉक्टरांनी सांगितल्यावर, आणि बाटलीनं नको, उकळलेल्या वाटी-चमच्यानं. म्हणून बॅगेत बाटलीच्या जागी स्टीलची छोटी वाटी आणि चमचा टाका. आईचं काढलेलं दूध पाजायलाही तेच लागतात.

आणखी एक. मेसेजमध्ये डब्याच्या कंपनीचं नावही दिलंय. आपल्या देशात 1992 चा कायदा आहे, 2003 मध्ये तो आणखी कडक झाला. बाळाच्या डबाबंद दुधाची आणि दुधाच्या बाटलीची जाहिरात करायला, आईला फुकट नमुना किंवा भेट द्यायला त्यात बंदी आहे. जे छापून आणता येत नाही ते मैत्रिणीच्या नावानं फोनवर येतं, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

त्याच ओळीत पुढे ‘घुटीसाठी मध, आणि ग्राइप वॉटर’. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नये. त्यात असू शकणाऱ्या जंतूंच्या बीजांमुळे बाळाच्या पोटात विष तयार होऊन अंग लुळं पडू शकतं. असं क्वचितच होतं, पण झालं तर जिवावर बेततं. सहा महिने आईचं दूध पुरतं, वरून पाणीसुद्धा नको. डॉक्टरांनी सांगितलेले व्हिटॅमिनचे थेंब, औषध, तेवढंच काय ते.

बाळाचा ‘तयार सेट’ पटकन संपवते. पावडर नको, ती श्वासातून आत जाते. काजळ नको. शाम्पू कशाला? पहिली आंघोळच निदान 24 तास घालायची नसते, बाळ गारठतं. नाळेला हळद, तेल, राख काही लावायचं नाही. ती कोरडी ठेवली की आपली आपण गळते. बाळाला खरं लागतं ते आपल्याकडं पिढ्यान् पिढ्या होतं तेच: बाळूती, लंगोट, झबली, टोपडं, पायमोजे आणि एक कुंची. त्यातली दोन मोठी सुती फडकी वेगळ्या पिशवीत, सगळ्यांत वर. जन्मल्याबरोबर एकानं बाळ कोरडं करायचं, ते ओलं फडकं बाजूला टाकायचं आणि आईच्या उघड्या अंगावर ठेवून दुसऱ्यानं झाकायचं. ऐनवेळी सिस्टर ‘बाळाचं कापड द्या’ म्हणून हाक मारते आणि बाहेर नातेवाईक चेनवाल्या मोठ्या बॅगेचा तळ उपसत बसतात. त्यात आधी फोटोची सजावट निघते, मग शाम्पू निघतो. फडकं निघेपर्यंत बाळ दवाखान्याच्या कापडात गेलेलं असतं.

फडकी किती, याचं उत्तर पावसावर आहे. आषाढ-श्रावणात आपल्याकडं चार-चार दिवस कपडा वाळत नाही. दोरीवर ओळीनं टांगलेल्या दमट बाळूत्यांना वास येतो आणि बाळाच्या जांघेत लाल पुरळ उठतं. त्या दिवसांत उन्हाळ्याच्या दुप्पट फडकी न्या, आणि घरून कपडे आणणाऱ्या माणसाला एकच काम सांगा: प्रत्येक फडक्यावर इस्त्री फिरवून आण. दिवसा लंगोट, रात्रीपुरता डायपर, असं केलं तरी काही बिघडत नाही.

या सगळ्यात आई कुठे आहे? मेसेजमध्ये तिच्यासाठी लिपस्टिक, ‘फोटोसाठी गाऊन’ आणि पट्टा. बाळंतपण तिचं, आणि यादीत तीच शेपटाला! तिला हवेत समोरून उघडणारे सैल गाऊन, जुने असले तर उत्तम. मोठ्या सुती चड्ड्या; सिझेरियन होऊ शकतं म्हणून कंबरेच्या वर येणाऱ्या, इलॅस्टिक टाक्यांवर घासू नये अशा. आणि भरपूर जाड पॅड. अंगावरून जाणं साधारण सहा आठवड्यांपर्यंत चालतं, पहिले काही दिवस जास्त. सुती घड्या वापरायच्या तर त्या उन्हात वाळलेल्या हव्यात. पावसाळ्यात विकतचे पॅड बरे. नखांना रंग नको, कारण बोटाला लावायचं ऑक्सिजनचं यंत्र गडद रंगामुळे चुकू शकतं आणि नखं पांढरी पडलेली दिसत नाहीत. सोनं घरी.

पट्ट्यानं पोट आत जात नाही. गर्भाशय आपलं आपण आकसतं, त्याला सहा आठवडे लागतात. सिझेरियननंतर उठताना, खोकताना पट्ट्याचा आधार वाटतो, तेवढ्यापुरता डॉक्टरांना विचारून वापरावा. करकचून बांधला तर सगळा दाब खाली जातो, आणि पुढे शिंकताना लघवी सुटायची तक्रार घेऊन बाई येते. आजीनं लुगड्याची पट्टी सैलसर बांधली तर बांधू द्या.

पाण्याचं मात्र अजिबात ऐकू नका. ‘पाणी प्यायली तर पोट सुटतं, टाके पिकतात’ यातलं काहीच खरं नाही. अंगावर पाजणाऱ्या बाईला तहान जास्त लागते. तिला पाणी तोडलं की शौचाला खडा होतो, ती टाक्यांच्या भीतीनं कुंथत नाही, मग मूळव्याध. ऑपरेशननंतर पहिला घोट कधी घ्यायचा ते दवाखाना सांगेल. त्यानंतर तहान लागेल तेवढं पाणी. तांब्या तिच्या हाताला लागेल असा ठेवा, कारण बाळ अंगावर असताना तिला उठता येत नाही. डिंकाचे, अळिवाचे लाडू चांगलेच आहेत, पण पहिल्या दिवशी नकोत. आधी मऊ भात, मुगाचं वरण, आंबील. आणि लाडवांच्या डब्याशेजारी लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या. त्या बाळंतपणानंतरही 180 दिवस घ्यायच्या असतात, एकाच वेळी दोन्ही नव्हे. बहुतेक घरांत बाळ झालं की गोळ्या बंद होतात.

घरी आल्यावर खोलीची दारं-खिडक्या लावून बाजेखाली कोळशाची शेगडी ठेवायची रीतही मेसेजनं ‘आयुर्वेदिक’ म्हणून दिलीय. बंद खोलीतल्या निखाऱ्यांचा वायू वासाला कळत नाही आणि माणूस झोपेतच जातो.

आता मेसेजमध्ये एका शब्दानंही नाहीत ती कागदपत्रं. तायी कार्ड (गरोदरपणाच्या नोंदींचं कर्नाटकातलं सरकारी कार्ड), नवरा-बायको दोघांचं आधार, रेशन कार्ड, बँक पासबुक, स्कॅनचे आणि रक्ताचे रिपोर्ट. सगळं एका प्लॅस्टिकच्या पाकिटात, पाऊस असो वा नसो. आधी एकदा ते सगळे कागद शेजारी-शेजारी ठेवून नाव वाचा. आपल्याकडं हमखास होतं ते असं: आधारवर माहेरचं नाव, तायी कार्डावर सासरचं, स्कॅनवर तिसरंच स्पेलिंग. सरकारी योजनेचे पैसे खात्यावर यायचे अडकतात ते इथेच. आईवडिलांचं नाव आधारवर आहे तसं, इंग्रजीत आणि कन्नडमध्ये, एका कागदावर ठळक लिहून त्याच पाकिटात ठेवा आणि जन्मनोंदणीच्या वेळी तोंडी सांगण्याऐवजी तो कागद पुढे करा. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या मुलांना शाळेपासून पासपोर्टपर्यंत जन्मदाखलाच लागतो. त्यातली एक वेलांटी नंतर बदलायला किती खेटे पडतात ते ज्यांनी घातलेत त्यांना विचारा. नोंदणी 21 दिवसांत मोफत होते, बाळाचं नाव नंतर वर्षभरात विनाशुल्क घालता येतं. सासर महाराष्ट्रात, चंदगड-गडहिंग्लजला, आणि बाळंतपण बेळगावात, अशा पोरींनी तिकडचं माता-बाल कार्ड न विसरता आणावं. नोंद मात्र जन्म जिथं झाला तिथंच होते, सासरच्या ग्रामपंचायतीत नाही.

रक्तगट कार्डाच्या वरच्या कोपऱ्यात मोठ्या अक्षरात लिहा. आईचा निगेटिव्ह आणि बाळाचा पॉझिटिव्ह निघाला, तर आईला 72 तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शन लागतं, याची आठवण करून देणारं घरचं एक माणूस हवं. रक्त देऊ शकतील अशा दोघा-तिघांचे फोन नंबर आणि रात्री उठून गाडी काढेल अशा गावातल्या एकाचा नंबर त्याच कागदावर. फोन बंद पडला तर कागद वाचता येतो.

त्याच कागदाच्या मागच्या बाजूला, बरोबर बसणाऱ्या बाईला वाचता येईल अशा मराठीत, हे लिहून ठेवा: जाड पॅड तासाभरात चिंब झालं, लिंबाएवढ्या किंवा मोठ्या गाठी पडल्या, ताप आला, अंगावरून जाणाऱ्याला घाण वास आला, डोकं असह्य दुखून डोळ्यांपुढं अंधुक दिसायला लागलं, एका पायाची पोटरी सुजून दुखायला लागली, तर सकाळची वाट बघायची नाही. दवाखान्यात असाल तर सिस्टरला उठवायचं. घरी असाल तर 108, आणि बाळंतपणाला सहा आठवडे व्हायचे असतील तर फोनवर पहिलं वाक्य ‘बाळंतीण आहे’ हे.